एकाचं अनेकवचन

मंगळवार, १ जुलै १९५८. ठरलेली रक्कम दोघांची मिळून महिना आठ रुपये, पहिल्या तारखेला आगाऊ. हजर माणसं चार: मास्तर, दाराच्या आत उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी, नायक आणि मी. जागा पांढरकवड्यातल्या मास्तरांच्या घराचा ओटा, वेळ सकाळी सहाची. माझे चार रुपये मी चार नोटांनी दिले. नायकाने दोन नोटा आणि बाकीची चिल्लर दिली. चिल्लरीत काही जुने आणे होते, काही नुकतेच निघालेले नये पैसे. त्यांचा मेळ घालताना मास्तर दोनदा चुकले, तेव्हा तो मीच घालून दिला.

शिकायचं होतं इंग्रजी. मी जिनात तोलाई कारकून होतो. कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्याला आमच्याकडे जीन म्हणतात. पगार पासष्ट रुपये, वय सव्वीस. घरात बायको, दोन वर्षांची मुलगी आणि दुसरं मूल होऊ घातलेलं. जिनाची इंग्रजी पत्रं लिहिणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनाची नजर गेली आणि मे महिन्यात तो आपल्या गावी निघून गेला. जूनच्या शेवटी शेठजींनी मला बोलावलं.

"बाबू, दिवाळीतक तू लिहून पाहा. जमलं तर पंच्याऐंशी रुपये अन् थे खुर्ची तुझी. नाही जमलं तर नागपूरवरून भाच्याले बोलावतो. थो मॅट्रिक हाय. मंग लिहिणंही तोच करंल अन् तोलाईही तोच पाह्यल. दोन माणसं कायले पाह्यजे?"

म्हणजे जमलं तर वीस रुपये वाढणार होते आणि नाही जमलं तर पासष्ट जाणार होते. माझं इंग्रजी आठवीपर्यंतचं. हिशेब करायला फार वेळ लागला नाही. मी त्याच आठवड्यात मास्तरांकडे गेलो.

नायक हा माझा सहविद्यार्थी. त्याचे वडील तांड्याचे नायक होते म्हणून त्यालाही सगळे नायकच म्हणत. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. त्याच्या वाट्याला चौदा एकर कापूस-तुरीचं शेत आलं होतं, पण जीव रस्त्यावर. एका भागीदाराबरोबर त्याने एक जुना ट्रक घेतला होता आणि तो नागपूर ते हैदराबाद चालत होता. ट्रकचे सगळे कागद इंग्रजीत.

"पोलीस कागद पाह्यते अन् म्हनते, इथं चूक हाय," तो मास्तरांना म्हणाला. "कुठं हाय थे मले दिसलं पाह्यजे, मास्तर. पैसे देईन, पण चूक पाहून देईन."

घरी तो बंजाऱ्यांची गोर बोली बोले, बाजारात वऱ्हाडी, रस्त्यावर हिंदी. मी एकाच भाषेवर आयुष्य काढलं होतं आणि हा चौथी शिकायला मांडी घालून बसला होता.

मास्तर इंग्रजी शाळेतून निवृत्त झालेले. मूळचे वऱ्हाडातलेच, पण पुण्याला शिकले आणि तिथली भाषा घेऊन आले. ओट्यावर 'मले-तुले' चालत नसे. "ओट्याखाली उतरलात की काय हवं ते बोला," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. नायकाने मान डोलावली आणि पुढच्या वाक्यात "बराबर हाय" म्हणाला.

त्या सकाळी मला अजून जशाच्या तशा दिसतात. आतून बंबाचा धूर येई. रस्त्यावरून आदिलाबादकडे जाणारे ट्रक जात, आणि नायक न बघता नुसत्या आवाजावरून ट्रक कोणाचा ते सांगे. मास्तर टाकाने पाटीएवढ्या मोठ्या अक्षरांत कागदावर वाक्य लिहीत आणि ते वाळेपर्यंत आम्ही बोलायचं नाही, असा नियम होता. आठला जिनाचा भोंगा होई. मी पावणेआठला उठे. आजही त्या वेळेला मला उठून कुठेतरी जायचं आहे असं वाटतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मास्तरांनी नामाच्या जागी उभ्या राहणाऱ्या शब्दांचा धडा घेतला. ही, शी, इट आम्हाला येत होते. हे त्यांच्या पुढचे.

"इंग्रजाला एकच नाम पुन्हा पुन्हा उच्चारायचा कंटाळा आहे," मास्तर म्हणाले. "एकदा नाव घेतलं की पुढे तो त्याच्या जागी दुसरा लहान शब्द बसवतो."

नायक म्हणाला, "मंग थो आमच्या बाईसारखा हाय."

"म्हणजे?"

"आमची बाई माझं नाव घेत नाही ना. 'थे आले काय', 'थे जेवले काय'. बारा वर्षं झाली लग्नाले, एकदाही नाव नाही. सारा संसार सर्वनामावर चालून राह्यला."

आतून मास्तरांच्या पत्नींचं हसू ऐकू आलं. मास्तर त्यांच्याकडे न वळता म्हणाले, "हसायला काय झालं?"

"इकडचा धडा इकडेच चालू द्या," त्या आतून म्हणाल्या. "आम्हाला तो पाठ आहे."

मास्तरांनी वाक्य लिहिलं: आय हॅव टू काऊज, अ ब्लॅक वन अँड अ व्हाइट वन. आणि मला म्हणाले, करा भाषांतर.

मी शब्दाला शब्द लावत गेलो. 'अ' म्हणजे एक. 'वन' म्हणजेही एक. "माझ्याकडे दोन गाई आहेत. एक काळी एक आणि एक पांढरी एक." मग मी ते एक मोजले. "मास्तर, सुरुवातीला गाई दोन आहेत, पण खाली बेरीज चार येते."

"इथे 'वन' म्हणजे एक नव्हे."

"मग किती?"

"किती नव्हेच! तो आकडा नाही. तो गाईच्या जागी उभा आहे. मराठीत आपण नुसतं 'काळी' म्हणतो, विशेषण एकटं उभं राहतं. इंग्रजीत त्याला एकटं उभं राहता येत नाही. टेकायला 'वन' लागतो."

मला पटलं नाही. ज्या शब्दाने मी लहानपणापासून मोजत आलो, तो मोजायचा नाही म्हणजे काय? मास्तरांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा चार गाई मोजल्या. तेव्हा नायक म्हणाला,

"कायले डोकं फोडता? काळीवाली अन् पांढरीवाली. यात काय हाय?"

मास्तरांनी टाक दौतीत बुडवला. मग म्हणाले, "'वाली' हा मराठी शब्द नाही. बाजारू आहे."

"मास्तर, गाय तर बाजारातूनच येते. सीताफळवाली बाई काय म्हनते? 'मोठेवाले दोन आण्याले चार.' लोक घेतात ना? कोणी ईचारत नाही, मोठेवाले काय म्हणून."

मास्तरांनी टाक खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर दोन गोष्टी एकदम दिसत होत्या: शब्द आवडला नव्हता आणि अर्थ अगदी अचूक बसला होता. "अर्थ तोच आहे," ते हळू म्हणाले. "पण वहीत लिहू नका."

मी वहीत लिहिलं. वन: वाला, वाली. बारीक अक्षरात, समासात. एवढं सोपं वाटलं की मला आनंद झाला. आणि ह्या आनंदात पुढचं वाक्य मी नीट ऐकलं नाही. मास्तर म्हणाले होते, "एकापेक्षा जास्त असतील तर वन्स."

मला 'वन्स' ठाऊक होता. आठवीच्या पुस्तकातल्या गोष्टी 'वन्स'नेच सुरू होत. वन्स म्हणजे एकदा. दोन्ही शब्दांचे उच्चार आमच्या तोंडी एकच, आणि स्पेलिंग मी त्या दिवशी पाहिलं नाही. शिवाय मनात असंही होतं की एकाचं अनेकवचन होईल कसं? दोन झाले की तो एक राहत नाही. म्हणून वहीत जुन्याच अर्थाने लिहून ठेवलं: वन्स, एकदा. मास्तरांना विचारलं नाही. सकाळी चार गाईंवरून इतका वेळ घेतला होता, आणखी कुठे विचारायचं, असं वाटलं.

ऑगस्टमध्ये मी सहा पत्रं लिहिली, सप्टेंबरमध्ये नऊ. मास्तर आधी तपासून देत. सप्टेंबर संपता संपता ते आठ दिवस अमरावतीला मुलाकडे गेले, आणि नेमकं त्या आठवड्यात शेठजी म्हणाले, "मुंबईवाल्याले लिही. मशीनचे पट्टे पाह्यजे. मागच्या वर्षी आठ धाडले होते ना, थे अरुंद निघाले, घसरतात. आता रुंदवाले धाड म्हणा."

मी पत्र स्वतः लिहिलं. त्याची नक्कल आज माझ्याजवळ नाही, पण मजकूर पाठ आहे. मागच्या वर्षी तुम्ही आठ पट्टे पाठवलेत, अरुंद होते. या वर्षी आम्हाला अरुंद नकोत. कृपा करून सेंड द ब्रॉड वन. 'आठ' दुसऱ्यांदा लिहायला हात गेला होता. मी तो आवरला. इंग्रजाला पुनरुक्तीचा कंटाळा आहे. आठ पट्टे एकदा सांगून झाले, आता 'वन' ते सगळं ओझं उचलेल. जन्मात एकदाच मी कागदावरून आकडा मुद्दाम गाळला, आणि तो चांगलं इंग्रजी यावं म्हणून.

पत्र टपालात टाकून मी घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, "आज कोणाच्या मदतीशिवाय लिहिलं."

ती म्हणाली, "मंग पंच्याऐंशी पक्के का?"

"पक्के."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बिल्टी, म्हणजे रेल्वेने पाठवलेल्या मालाची पावती, आली. माल नागपूर स्टेशनवर उतरणार होता. बिल्टीवर लिहिलं होतं: नग एक, वजन दहा शेर. मी ती वाचली आणि मागच्या वर्षीची बिल्टी काढली. मागच्या वर्षीच्या आठ पट्ट्यांचं वजन एक मण चोवीस शेर होतं, म्हणजे चौसष्ट शेर, पट्ट्याला आठ शेर. रुंद असेल तर दहा. दहा शेरांत एकच पट्टा बसतो. पार्सल फोडून बघायची गरज नव्हती.

मुंबईवाल्याने मी लिहिलं तसंच केलं होतं. रुंद पट्टा, एक.

शेठजींना अजून काही माहीत नव्हतं. दिवाळीला महिना राहिला होता आणि कापूस यायला पंधरा दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नक्कलवही घेऊन ओट्यावर गेलो. जिनातून जाणाऱ्या प्रत्येक पत्राची नक्कल तीत असे. मास्तर परत आले होते. त्यांनी पत्र एकदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"वन्स लिहायचं राहिलं," ते म्हणाले.

"पण 'एकदा' कशाला लिहू?"

"एकदा?"

मी माझी वही दाखवली. मास्तरांनी समासातला 'वाला' पाहिला, खालचा 'एकदा' पाहिला, आणि दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून स्पेलिंगं दाखवली. एकात 'सी', एकात 'एस'. मी त्या 'एस'कडे बघत बसलो. एवढंसं वाकडं अक्षर, त्यात सात पट्टे गेले होते.

नायकाला सगळं कळल्यावर तो हसला नाही, याचंच मला नवल वाटलं. म्हणाला, "बाबू, आपुन तरी आठ पट्ट्यांले 'रुंदवाला' कधी म्हनतो काय? 'रुंदवाले' म्हनतो. शेठनं तुले काय सांगतलं होतं?"

"रुंदवाले."

"मंग? शेठले येते अन् तुले येत नाही?" आता तो हसला. "वाला समजला, अन् वाले इसरला."

खरं होतं ते. जो नियम इंग्रजीत मला अशक्य वाटला, तो मी घरात आणि बाजारात दिवसातून शंभरदा पाळत होतो.

मग नायक आवाज खाली आणून म्हणाला, "एक सांगू काय? शेठले इंग्रजी येत नाही. म्हनजो, मुंबईवाल्यानं गफलत केली. कोन पाह्यते?"

मास्तर रस्त्याकडे बघत राहिले.

मीही विचार केला, नाही असं नाही. मनात काही थोर आलं असंही नाही. नक्कलवहीच्या पानांवर आकडे मीच घातले होते. ते पान फाडलं असतं तर सत्तेचाळीसनंतर एकोणपन्नास आलं असतं. आणि पान ठेवलं असतं तर शेठजींचा मॅट्रिक भाचा कधीतरी वही उघडून ते वाचणार होता. "मी सांगतो," मी म्हणालो. "आजच सांगितलं तर तार करता येईल."

मास्तरांनी तिथेच तारेचा मजकूर केला. सेंड सेव्हन मोअर ब्रॉड वन्स अर्जंट.

मी म्हणालो, "वन्स नको. बेल्ट्स लिहा."

"वन्स शुद्ध आहे."

"शुद्ध असेल. पण शब्द मोजून पैसे आहेत, आणि मोजणीला दोन्ही एकेकच शब्द. तेवढ्याच पैशात भरवशाचा घेऊ."

"तुम्ही त्या शब्दावर रागावला आहात," मास्तर म्हणाले, आणि 'वन्स' खोडून 'बेल्ट्स' लिहिलं. मला वाटतं, त्यांनाही वाईट वाटलं होतं. उठताना ते म्हणाले, "त्या दिवशी मी तुमची वही तपासायला हवी होती. 'वाला' लिहिला असेल म्हणून मुद्दाम बघितली नाही."

आठच्या भोंग्यालाच मी शेठजींपुढे उभा राहिलो. बिल्टी ठेवली, नक्कलवही उघडून ठेवली, तारेचा कागद ठेवला.

"शेठजी, पट्टा एकच येऊन राहिला. चूक माझी आहे. 'रुंदवाले'च्या जागी मी 'रुंदवाला' लिहिलं."

शेठजींनी बिल्टी उलटीसुलटी करून पाहिली. "आठ सांगतले होते ना तुले?"

"हो."

"तुले तर आकडे लिहायचा नाद हाय. घरून दूध आणलं तरी पावशेर लिहितो. इथंच काहून नाही लिहिलं?"

 चांगलं इंग्रजी यावं म्हणून, असं सांगायची लाज वाटली.

"पहिले तार कर," ते म्हणाले. "बाकीचं माल आल्यावर पाहू."

ते बारा दिवस फार लांबले. बायको विचारी, मी 'पाहू' म्हणे. मिस्त्रीने जुने पट्टे शिवून ठेवले, लागलंच तर म्हणून. कोलाम आदिवासींच्या बाया टोपल्या भरून सीताफळं घेऊन बाजारात बसल्या होत्या. त्यांतली एक "मोठेवाले घ्या, बाबू" म्हणाली आणि मी काही न घेता पुढे गेलो.

पट्टे नायकानेच आणले. त्याचा ट्रक हैदराबादला निघताना नागपूर स्टेशनवर वळला आणि सात पट्टे आमच्या फाटकात उतरले. मोजून सात, मी दोनदा मोजले. कापसाच्या पहिल्या गाड्या त्याच्या तिसऱ्या दिवशी आल्या.

शेठजींनी बोलावलं. "दुसऱ्या पार्सलाचे अन् तारेचे मिळून बारा रुपये गेले. थे तुह्या पगारातून कापतो."

मी म्हणालो, "बारा नाही, शेठजी. बारा माझ्या चुकीचे नाहीत." आणि कागद पुढे केला. आठही पट्टे एका पार्सलात आले असते तरी रेल्वेभाडं बारा रुपये पडलंच असतं. आता पहिल्या पार्सलाचं दोन चाळीस आणि दुसऱ्याचं दहा ऐंशी, मिळून तेरा रुपये वीस पडलं. फरक एक वीस. तारेचे एक वीस. ट्रकची जादा खेप दोन रुपये. एकूण चार रुपये चाळीस नये पैसे. "एवढे माझे. याच्या वर एक पैसा माझा नाही."

शेठजींनी कागद वाचला. आकडे त्यांना माझ्याइतकेच वाचता येत होते. त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं, आणि शेवटच्या ओळीवर बराच वेळ ठेवलं.

"भाच्याची चूक मले कितीले पडंल थे सांगता येते काय तुले?"

"नाही येत."

"मलेही नाही येत. तुही चार चाळीसले पडते, हे तर समजलं." त्यांनी कागद परत दिला. "पाडव्यापासून बस त्या खुर्चीवर. पट्ट्याचं पत्र मात्र मले पहिले वाचून दाखव, मराठीत."

मी घरी जाऊन सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "मंग पक्के म्हणाले होते ना तुम्ही आधीच?" त्याच महिन्यात आम्हाला मुलगा झाला.

मास्तरांकडे मी पुढची अडीच वर्षं गेलो. नायकाने एक वर्षाने सोडलं. त्याला चूक दिसायला लागली होती, एवढं त्याला पुरे होतं. मास्तर गेले, ओट्याच्या जागी आता टायरचं दुकान आहे. माझी मुलगी इंग्रजी शिकवते. तिच्या पुस्तकात हा नियम दीड ओळीत संपतो, आणि ती म्हणते मुलांना त्यात काही कठीण वाटत नाही. वाटत नसेल. मला मात्र अजूनही कुठे 'वन' दिसला की आधी मोजावासा वाटतो, आणि मग त्याच्या मागे काय उभं आहे ते बघावंसं वाटतं.

हिशेब पाडव्याच्या आदल्या दिवशी मिटवला. एकूण चार रुपये चाळीस नये पैसे: त्यांतले दोन रुपये चाळीस जिनाची रोकड सांभाळणाऱ्या रोकडियाला, पावती घेऊन, आणि दोन रुपये ट्रकच्या खेपेचे नायकाला, त्याने पावती दिली नाही.